पाणी माझं, फुलं नानांची

पश्चिमेची भिंत म्हणजे काय, ते धुळे-जळगावकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल लागला की पारा ४२-४३ च्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि भुसावळचा आकडा तर पेपरात रोज ठळक अक्षरात असतोच. दुपारी दोननंतर ऊन त्या भिंतीवर चढतं ते मावळेपर्यंत उतरत नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर खोलीत जाऊन आतून हात लावला तरी वीट गरम. दिवसभर प्यालेलं ऊन ती रात्रभर खोलीत सोडत बसते. कूलर बिचारा तिच्याशी पहाटेपर्यंत झुंजतो, आणि महिनाअखेरीला बिल आपल्या नावाने येतं.

आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलनीत यावर ठरलेला उपाय एकच. गच्चीवरून हिरवी शेडनेट सोडायची. पहिल्या उन्हाळ्यात ती छान दिसते. दुसऱ्यात तिचा रंग जातो, तिसऱ्यात वादळी वाऱ्यात तिच्या चिंध्या होतात आणि त्या शेजारच्या टीव्हीच्या डिशला जाऊन अडकतात. घराला बाहेरून पांढरा रंग देऊन पाहणारेही आहेत. त्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण आमच्या आईचं म्हणणं पडलं, की उन्हाला अडवायचं तर भिंतीपर्यंत पोचूच का द्यायचं? मधेच अडवा. आणि तेही जिवंत काहीतरी लावून अडवा.

मग वेल कुठला, यावर घरात बरेच दिवस खल झाला. बोगनवेल खानदेशच्या हवेला मानवतो, याबद्दल दुमत नाही. मुरमाड जमीन, रखरखीत ऊन, पाण्याची बोंब, आणि हा पठ्ठ्या गुलाबी-जांभळा होऊन उभा. खरं तर तो रंग फुलांचा नसतोच. पातळ कागदी पानांच्या त्या तिकडीत आत इवलीशी पांढरट नळी असते, ते खरं फूल. पण बोगनवेलीला काटे, आणि भिंतीच्या पलीकडे पोरांचं क्रिकेट. चेंडू आणायला गेलेलं पोर रक्त घेऊन परत येणार आणि भांडण आपल्या दारात. संक्रांतवेल दिसायला देखणा, पण त्याची नारिंगी दिवाळी जानेवारीत. आम्हाला थंडीत रंग नको होता, वैशाखात पानं हवी होती. जाई-जुई अंगणातल्या मांडवावर ठीक. सबंध भिंत झाकायचं काम त्या नाजूक बायांवर टाकणं मला तरी पटत नव्हतं.

शेवटी शहाद्याच्या मावशीच्या परसातून मधुमालतीचं एक रोप आलं. रोप कसलं, मूळ झाडाच्या बुडाशी फुटलेला धुमारा होता तो, थोड्या मुळ्यांसकट खणून काढलेला. मधुमालतीचं बी आपल्याकडे सहसा धरत नाही, त्यामुळे ती अशीच या घरातून त्या घरात जाते. एसटीत, पिशवीत, कुणाच्या तरी मांडीवर. चीनमध्ये तिच्या बिया जंतांवरचं औषध म्हणून वापरतात म्हणे. आपल्याकडे ती निव्वळ फुलांसाठी.

लागवड मृगात केली, पण त्याआधीचा खड्डा मे महिन्यातला. काळ्या जमिनीत खड्डा खणणं हा एक संस्कार आहे. उन्हाळ्यात ती इतकी भेगाळते की भेगेत पंजा जातो, आणि कुदळ मारली की दगडावर मारल्यासारखा आवाज येतो. पावसाळ्यात तीच माती फुगते, चपलेला किलोकिलोने चिकटते. हे आकसणं-फुगणं वर्षानुवर्षं चालतं, म्हणून आमच्याकडच्या कंपाउंडच्या भिंती तिरक्या आणि तडे गेलेल्या. वेलीसाठी उभे करायचे लोखंडी अँगल याच कारणाने वरच्या मातीवर उभे करण्यात अर्थ नव्हता. खालच्या मुरमापर्यंत नेऊन काँक्रीट भरलं. रोपाचा खड्डा घराच्या पायापासून तीन फूट दूर, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. निम्मी काळी माती काढून टाकली. तिच्या जागी वाळू आणि कुजलेलं शेणखत.

मधुमालतीचा एक गुण मला फार उपयोगी वाटला, तो असा की ती भिंतीला चिकटत नाही. भिंतीवर मुळ्या रोवून चढणारे वेल असतात. ते काढायला गेलं की प्लास्टर सोबत घेऊन येतात. हिला मुळ्या नाहीत, गोकर्णासारखी स्वतःला गुंडाळून घ्यायचीही सवय नाही, काकडीसारखे तणावेही नाहीत. मग चढते कशी? पान गळतं तेव्हा त्याचा देठ सगळा गळत नाही, बुडखा तेवढा फांदीवर राहतो. तो वाळून कडक होतो, थोडा वाकतो, आणि त्याचा आकडा तयार होतो. हातावरून फांदी ओढली की मग समजतं. म्हणजे काल ज्याने सावली दिली त्या पानाच्या देठाला धरून आजची फांदी वर जाते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून आडव्या तारा ताणल्या की तिचं भागतं. मधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळते, आणि भिंतीवर पडायचं ऊन पानांवर पडतं.

लोखंडाबद्दल एक सांगायला हवं. मे महिन्यात दुपारी त्या अँगलला हात लावून पाहा. कोवळा शेंडा त्याला टेकला की काळा पडतो. आमच्याकडे अँगलभोवती काथ्या गुंडाळला आणि मग शेंडे वाचायला लागले. हे कुठल्या रोपवाटिकेत कुणी सांगत नाही, कारण ते जिथून शिकलेले असतात तिथे लोखंड एवढं तापत नसावं.

पाण्याचं काय, हा प्रश्न आलाच. आमच्या भागात नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा टाकी-पिंप-कळश्या आधी. वेलीचा नंबर शेवटचा. पण ठिबक हे आमच्याकडे शेतातून घरात आलेलं शास्त्र आहे. जळगावने ते देशाला शिकवलं, मग आम्ही दोन कुंड्यांनाही ड्रीपर लावणार! तासाला चार लिटरचे दोन ड्रीपर बुडाशी सोडले, उन्हाळ्यात संध्याकाळी तासभर. रोप अंगाने भरल्यावर तेही एक दिवसाआड केलं. बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे पानांच्या कडा करपतात, ते चालायचंच.

पहिलं वर्ष मधुमालती काही करत नाही. झुडूप होऊन बसते. पाहुणे विचारतात, हाच का तुमचा वेल? दुसऱ्या पावसाळ्यात मात्र बुडापासून छडीसारखे सरळसोट धुमारे सुटले आणि त्यांनी जे डोकं वर काढलं ते थेट गच्चीचा कठडा गाठेपर्यंत. वीस-पंचवीस फूट तिला काहीच नाही. तारेत गुंतवायचं काम रोजचं झालं. आज खिडकीच्या गजाशी खेळणारा शेंडा चार दिवसांनी गजाला वळसा घालून आत पंख्याकडे बघत असायचा.

आणि इथूनच नाना या गोष्टीत आले.

आमच्या पश्चिमेला, कंपाउंडच्या पलीकडे नाना आणि नानी राहतात. साक्री तालुक्यातलं गाव, कपाशी-बाजरीची शेती, मुलं नोकरीला लागल्यावर धुळ्यात बांधलेलं घर. अजूनही आठवड्यातून गावी चक्कर असतेच. वेल कंपाउंडच्या वर डोकावला त्या दिवशी त्यांनी पलीकडून विचारलं, “ह्या येलना काय फायदा शे रे भाऊ?” फळ येतं का? नाही. भाजी होते का? नाही. देवाला चालतं? चालतं, पण हार गुंफायला फार नाजूक, तासाभरात मान टाकतं. औषधी आहे? आपल्याकडे तसा वापर नाही. मी भिंतीचं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, वेलीकडे पाहिलं, आणि म्हणाले की कडूलिंब लावला असतास तर भिंतही झाकली असती आणि दातवणही झालं असतं.

माझी बाजू सावरली ती धावड्याने. मधुमालती आणि धावडा एकाच कुळातले, हे मी वाचलेलं होतं. तेच कुळ अर्जुनाचं, हिरड्याचं, बेहड्याचं. वनस्पतिशास्त्रात तिला आता काँब्रेटम इंडिकम म्हणतात. जुन्या पुस्तकांत ती क्विस्क्वालिस इंडिका म्हणून भेटते. नानांना या नावांशी घेणंदेणं नव्हतं. पण धावडा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, बाळंतिणीच्या लाडवातला डिंक धावड्याचा. त्या घरची लेक आहे म्हटल्यावर त्यांनी कंपाउंडवरचा शेंडा मोडायला उचललेला हात मागे घेतला. पुढे पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तेव्हा रोग ओळखला तोही त्यांनीच. आमच्या काळ्या मातीत चुन्याचा अंश जास्त, त्यात झाडाला लोह घेता येत नाही. “हिराकस दे,” म्हणाले, आणि गावाहून येताना पुडी घेऊन आले.

वेल वाढला, भिंत झाकली गेली, आतली खोली रात्री झोपण्यालायक झाली. हे सगळं ठरल्याप्रमाणे. ठरलेलं नव्हतं ते असं, की फुलं आमच्या वाट्याला आलीच नाहीत.

त्यात वेलीचा दोष नाही. मधुमालतीला फूल येतं ते नव्या फुटीच्या शेंड्याला, आणि नवी फूट जाते उजेडाकडे. उजेड पश्चिमेला, म्हणजे नानांच्या अंगणाच्या दिशेला. आमच्या खिडकीतून दिसतात त्या जाडजूड तपकिरी फांद्या, ते वाळके आकडे, आतल्या सावलीत पिवळी पडून गळणारी पानं आणि बुलबुलाची घाण. तिकडे नाना ओट्यावर चहा घेत बसतात आणि त्यांच्यासमोर पांढऱ्या-गुलाबी-लाल घोसांचा पडदा सुटलेला असतो. ड्रीपर माझे, हिराकसही मीच टाकायचा, शिडीवर चढून तारा ताणायच्या त्याही मीच, आणि फुलं बघायची तर चप्पल घालून, गल्लीला वळसा मारून नानांच्या ओट्यावर जायचं. “पानी तू टाकस नि फुलं आमना आंगनमा पडतस,” असं नाना हसत म्हणतात. त्यात तक्रार किती आणि खुशी किती, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. कारण ती पडलेली फुलं रोज सकाळी नानीला झाडावी लागतात, आणि पावसात त्यांचा लगदा फरशीला धरून बसतो.

खानदेशातला शेतकरी बांधाच्या बाबतीत फार हळवा असतो. शेजाऱ्याने दर पेरणीला बांधात नांगराचं एक तास जास्तीचं घालायचं, याने दर उन्हाळ्यात दगड पुन्हा जागेवर आणायचे, आणि दोघांनी मिळून तालुक्याला मोजणीचे पैसे भरायचे. नानांच्या भाऊबंदकीतही बांधावरून बोलणं बंद असलेली घरं आहेत. एकदा संध्याकाळी त्यांनी याचाच हिशोब मांडला. म्हणाले, बांध कोरणारा निदान वावभर जमीन तरी कमावतो. तुझा वेल बांध ओलांडतो आणि वर माझ्याच दारात फुलं टाकतो, हे कुठल्या कोर्टात चालवायचं? मी म्हटलं, नाना, मोजणी करून घ्या. ते बराच वेळ हसत होते.

कॉलनीतल्या बाकीच्यांची तक्रार सापाची. दाट वेल म्हणजे साप, हे समीकरण इतकं पक्कं की त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. सापाला फुलांचं काही नसतं. तो येतो उंदरांमागे आणि गारव्याला, आणि वेलीच्या बुडाशी पालापाचोळा, विटांचा ढीग, जुनी पत्र्याची डबडी ठेवली तर या दोन्ही गोष्टी आपण त्याला आयत्या देतो. म्हणून जमिनीपासून गुडघाभर वेल मोकळा ठेवायचा. खाली नुसते बुंधे दिसले पाहिजेत, पलीकडची भिंत दिसली पाहिजे. पाला रोज ओढून काढायचा. मी हे येईल त्याला सांगतो. लोक मान डोलावतात आणि जाताना जरा लांबून जातात.

फुलांबद्दल मात्र ऐकीव सांगण्यात अर्थ नाही. नानांच्या ओट्यावर जाऊनच बघावं. पावसाळ्याच्या तोंडाशी, दिवेलागणीला. दिवसभर बंद राहिलेल्या कळ्या त्या वेळी उघडतात. लांबसडक नळी, बोटभर तरी नक्की, आणि तिच्या टोकाला पाच पाकळ्या. उघडताना पांढऱ्याशुभ्र. गंध दुपारी नाक लावूनही येत नाही, तो अंधार पडताना सुटतो आणि सबंध अंगणात हिंडतो. कारण हा थाट रात्रीच्या पाहुण्यासाठी. जाड अंगाचा एक पतंग येतो, तपकिरी. येतो म्हणजे दिसत नाही, आधी पंखांची घरघर ऐकू येते. तो फुलावर बसत नाही. हवेतच एका जागी थांबतो, गुंडाळलेली सोंड उलगडतो, ती त्या लांब नळीत अख्खी घालतो, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच शेजारच्या फुलासमोर. काळोखात त्याला दिसावं म्हणून तो पांढरा रंग.

दुसऱ्या सकाळी तेच फूल गुलाबी झालेलं असतं, मानही थोडी खाली. तिसऱ्या दिवशी लाल, आणि पूर्ण लोंबतं. तोवर मधमाश्या येऊन जातात, आणि जांभळा शिंजीर, तो चकचकीत निळा-काळा एवढासा पक्षी, उलटा लटकून नळ्या तपासत फिरतो. एकाच घोसात कालची, परवाची आणि आजची फुलं शेजारी-शेजारी असल्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं की तीन रंगांची वेगवेगळी कलमं एकत्र केलीत. नानीने कानबाईच्या रोटांना, श्रावणातल्या त्या रविवारी, देवीच्या चौरंगाभोवती केळीच्या खांबांना हे घोस बांधले होते. हाराला टिकत नाहीत म्हणून फांदीसकट तोडून. आलेल्या बायका विचारत होत्या, बाजारातून कितीला आणली? नानी म्हणाली, घरची आहेत. मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

छाटणीवरून मात्र आमचं दर हिवाळ्यात वाजतं. थंडीत वेल मरगळतो, फुलं थांबतात, आतून वाळक्या फांद्यांचं जाळं होतं. त्या वेळी तो निर्दयपणे कापावा लागतो. जाड मुख्य बुंधे ठेवायचे, बाकी सगळं खाली. कापला तरच नवी फूट, आणि नवी फूट तरच फूल. कपाशीचे शेंडे खुडणाऱ्या माणसाला हे समजावून द्यावं लागू नये. नानांना समजतंही, पण नानी ऐकत नाही. तिच्या अंगणाचा पडदा निघून उघडी भिंत, माझ्या खिडकीचे गज आणि आमचं कपडे वाळत घालणं दिसायला लागतं. “पोरा, अर्धा ठेव,” म्हणते. मग दरवर्षी अर्धा ठेवतो आणि त्या अर्ध्यावर पुढच्या मोसमात फुलं कमी येतात, त्याबद्दल ती मलाच विचारते. कापलेल्या काड्या तिच्या बंबाला जातात. चांगल्या जळतात, म्हणून तेवढं समाधान.

एका मे महिन्यात वळवाच्या वादळाने वरची तार तुटली आणि अख्खा पडदा नानांच्या स्कूटरवर येऊन पडला. रावेर-यावलकडे त्याच वाऱ्याने उभ्या केळी आडव्या केल्या होत्या, त्यामुळे आमच्या वेलीचं दुःख करायची कुणाला लाज वाटावी अशी परिस्थिती. गल्लीतली चार माणसं आली, शिड्या आल्या, वेल उचलून पुन्हा तारेवर टाकला. मोडलं ते कापलं. पाऊस पडल्यावर त्याने अशी फूट घेतली की नानी म्हणाली, बघ, वादळाला जेवढं कळतं तेवढं तुला कळत नाही. तिच्याच सांगण्यावरून मी अर्धा ठेवत होतो, हे तिला आठवण करून द्यायची माझी हिंमत झाली नाही.

आता नवीन घडामोड अशी. मधुमालतीच्या मुळांना लांबवर धुमारे फोडायची खोड आहे. कंपाउंडच्या पायाखालून एक मूळ पलीकडे गेलं आणि नानांच्या फरशीच्या कडेला, नेमकं मातीच्या पट्टीत, एक धुमारा वर आला. मी काढून देतो म्हटलं. बऱ्याच जणांना असे धुमारे पिशवीत घालून दिलेत, एक तर नंदुरबारला गेलाय. नाना म्हणाले, राहू दे. दुसऱ्या दिवशी त्याभोवती आळं केलेलं होतं. तिसऱ्या दिवशी शेतातून आणलेला लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा नानांच्या नळापासून आळ्यापर्यंत पोचला. मग एक दिवस ते माझी पक्कड मागायला आले, तार कुठून आणलीस तेही विचारून गेले. धुमारा आता त्यांच्या जिन्याच्या कठड्याने वरच्या मजल्याकडे निघालाय, जिथे त्यांचे भाडेकरू राहतात.

परवा भाडेकरू खाली येऊन म्हणाले, नाना, हे काढून टाका, साप येतील. मी कंपाउंडच्या अलीकडे ड्रीपर साफ करत होतो. नानांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि अगदी शांतपणे समजावून सांगितलं, की सापाला फुलांचं काही नसतं, तो येतो उंदरांमागे, खालचा गुडघाभर भाग मोकळा ठेवला की झालं. मग म्हणाले, आणि हा काही साधासुधा वेल नाही, धावड्याच्या कुळातला आहे. भाडेकरूंनी विचारलं, पण फायदा काय त्याचा?

“जिना बघा ना किती तापतो,” नाना म्हणाले.